एका लाइनीत दोन रसायनं नकोत

४ मार्च

सगळे कसे आहात? वहीला असं विचारायचं नसतं हे मला कळतं. पण मी लिहायला शिकलो तो कामावरच्या सोबत्यांची घरी धाडायची पत्रं लिहून लिहून, त्यामुळे कागद समोर आला की हात आधी खुशालीच विचारतो. तर एकेकाची विचारून घेतो, म्हणजे पुढे मोकळेपणी लिहिता येईल.

मुलगी बरी आहे. दुसऱ्या शहरात नोकरी, जेवणाच्या वेळांचा पत्ता नाही, आणि रक्तातली साखर तिच्या वयाला न शोभणारी. फोनवर "बाबा, सगळं ठीक" एवढंच म्हणते. मेहुणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, ठणठणीत. अजून दोन-दोन पायऱ्या एकदम चढते आणि वर जाऊन खालच्यांना हसते. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याची कंबर धरलीये, जीभ मात्र शाबूत आहे. माझं म्हणाल तर गुडघे कुरकुरतात. उभा जन्म लोकांच्या टाक्या धुतल्या, तुंबलेली गटारं मोकळी केली, त्यामानाने मी बराच टिकलो.

राहिली ही. हिचे पाय सुजतात. बोट दाबलं की खळगा पडतो आणि तो भरून यायला वेळ घेतो. किडनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही किडन्या निम्म्याहून कमी काम करताहेत, पण गोळ्या वेळेवर घेतल्या आणि पथ्य सांभाळलं तर अजून बरीच वर्षं निघतील. ही लगेच म्हणाली, "म्हणजे ह्यांच्यासारख्याच. काम निम्म्याहून कमी, पण चालतंय."

डॉक्टरीणबाई खदखदून हसल्या. मीही हसलो. घरी येताना मात्र डोक्यात एकच चक्र. किडनी म्हणजे जाळी. जाळी काम करत नाही म्हणजे ती तुंबलीये. आणि ज्या माणसाने गावभरच्या जाळ्या मोकळ्या केल्या त्याला सांगतात, पथ्य सांभाळा.

९ मार्च

आज एकटाच जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटलो. वयाने आमच्या मुलीएवढ्या असतील. विचारलं, "ही जाळी आतून धुता येत नाही का?"

"काका, ती स्वतःच स्वतःला धुते. नुसती तीच नाही. यकृत, आतडी, फुप्फुसं, सगळी झाडलोट आतल्या आत चालू असते. आपण झोपलो तरी."

"पण आता बिघडलीये ना?"

"रक्तदाबाने झिजली आहे. तुंबलेली नाही. झिजलेल्या वस्तूला कुणी घासतं का? जपायचं तिला." मग पथ्याचा कागद पुन्हा समजावून सांगितला. पालेभाज्या कमी, फळांचे रस बंद, कारण त्यातला एक क्षार हिची किडनी बाहेर टाकू शकत नाही, तो रक्तात साठतो आणि हृदयाला बाधतो.

बाई मन लावून सांगतात, रागावत नाहीत. पण स्वतःला धुणारी टाकी मी आजवर पाहिली नाही. ज्या टाकीचं "स्वच्छच आहे" म्हणून मालक झाकण उघडू देत नाही, तिच्यातच हातभर गाळ निघतो.

१४ मार्च

शिंप्याच्या सांगण्यावरून शुद्धी केंद्रात गेलो. जागा कशी लख्ख! फरशीवर भात वाढून जेवावा. केंद्रवाला पांढऱ्या सदऱ्यातला, बोलणं असं गुळगुळीत की कान घसरावा. म्हणाला, शरीरात वर्षानुवर्षं विषं साचतात, सगळ्या रोगांचं मूळ तेच.

मी विचारलं, "कुठली विषं? काही नावं?"

"सगळीच, काका."

नाव एकाचंही सांगितलं नाही. मला जरा खटकलं, खोटं कशाला लिहू. डॉक्टरीणबाईंनी निदान क्षाराचं नाव कागदावर लिहून दिलं होतं. पण येताना विचार केला, मी तरी गाळाला कधी नाव विचारलं? दिसला की उपसला.

त्याने हिरवी पूड दिली, ती पालक आणि बिटाच्या रसातून घ्यायची. शिवाय पाय बुडवायचा एक टब दिला. त्यात मिठाचं पाणी, दोन लोखंडी पट्ट्या आणि विजेची वायर. तळपायांतून विष उतरतं म्हणाला.

१५ मार्च

हिला टबात पाय घालून बसवलं. थोड्या वेळाने पाणी पिवळं, मग तपकिरी, मग वर फेस. मी तर चाटच पडलो. म्हटलं, "बघ, बघ काय निघतंय तुझ्यातून!"

ही वाकून बघत म्हणाली, "अहो, हा गंज आहे."

"गंज कसा असेल?"

"जन्मभर तुमचे कामाचे शर्ट मी धुतलेत. गंजाचा डाग मला शिकवता?"

हिला कशाचं कौतुकच नाही. पण शेवटी पाय पुसून घेताना म्हणाली, "बरं वाटलं हो. गरम पाण्यात पाय घालून बसायला कुणाला नको असतं?" म्हणजे गुण आला.

१६ मार्च

आज एक मोठा निर्णय घेतला, तो नीट लिहून ठेवतो.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, तो मोडणारा फार दिवस धंदा करत नाही. एका लाइनीत दोन रसायनं घालायची नाहीत. आधी कुणी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर वरून ॲसिड ओतायचं नाही, नाहीतर धूर होतो आणि माणूस जातो. माझ्या उस्तादाचा डावा डोळा त्यातच गेला, मी शेजारी उभा होतो. तेव्हापासून कुठल्याही घरी गेलो की माझा पहिला प्रश्न, "आधी काही टाकलंय का?"

इथे पूड आणि रस सुरू करायचा तर गोळ्या चालू ठेवून कसं चालेल? गोळ्या थांबवल्या. डबी कपाटावर ठेवली.

हिने विचारलं, "डॉक्टरीणबाईंना विचारलंत?"

म्हटलं, "विचारलं." विचारलंच होतं, धुण्याबद्दल. गोळ्यांचं तेवढं राहून गेलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, जपायचं तिला."

ही लाजली. ह्या वयात! मग हिरव्या रसाचा पेला नाक दाबून रिकामा केला आणि म्हणाली, "गुरांना काय वाटत असेल ते आज कळलं."

२३ मार्च

हिच्या तोंडाला लोखंडासारखी चव येते. अंगाला खाज सुटते. काल दोनदा ओकली. शिंपी म्हणतो डॉक्टरकडे ने. त्याला काय माहीत! तुंबलेल्या लाइनीत सळई घातली की आधी काळंच पाणी उसळतं, घरभर घाण होते, घरमालक ओरडतो, "आधी होतं ते बरं होतं." त्या वेळी जो घाबरून सळई काढतो तो कारागीर नव्हे. थोडा दम धरला की मागून स्वच्छ पाणी येतं.

केंद्रवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "अभिनंदन काका, विषं सुटायला लागली." मात्रा वाढवायला सांगितली.

२७ मार्च

आज टबात पाणी भरून बटण दाबलं आणि तेवढ्यात हिला घेरी आली. धरून नेली, पलंगावर निजवली, कपाळावर ओला पंचा ठेवला. परत येऊन बघतो तर टबातलं पाणी तपकिरी झालेलं. पाय घातलेच नव्हते.

टब उचलून मोरीत रिकामा केला.

टबाला आधीची घाण राहिली असणार. ब्रशने खसाखसा घासला. पुन्हा पाणी भरून बघायचं मनात आलं होतं. नाही बघितलं. हिचा रस व्हायचा होता.

३० मार्च

लघवी फारच कमी होते आता. धुण्यासारखं आत थोडंच राहिलं असेल. सारखी झोपून असते. मुलीचा फोन आला तेव्हा हिनेच सांगितलं, "ठीक आहे गं. तुझे बाबा माझी पालकाची जुडी करून टाकणार आहेत." मुलगी हसली. तिला पथ्याचा कागद कुठे माहीत आहे!

२ एप्रिल

ही पडली.

५ एप्रिल

तीन दिवस वही उघडली नाही. आता ही शुद्धीवर आहे, म्हणून लिहितो.

सकाळी न्हाणीघराच्या दारात खाली बसली ती उठेना. म्हणाली, "पाय उचलत नाहीत हो." शिंप्याने आणि मी खुर्चीत बसवून खाली उतरवली. दवाखान्यात हृदयाचा आलेख बघून सगळे पळायला लागले. तो क्षार रक्तात इतका चढला होता की हृदय थांबायच्या बेतात होतं. डॉक्टरीणबाई आल्या. मला बाजूला घेतलं.

"काका, गोळ्या चालू होत्या ना?"

मी सगळं सांगितलं. नियम सांगितला, उस्तादाच्या डोळ्याचं सांगितलं, पालक किती घेत होतो तेही. मला वाटलं त्यांना तपशील लागेल. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"बरीच वर्षं चालल्या असत्या त्या किडन्या," एवढं म्हणाल्या.

"आता?"

"आता संपल्या."

मुलगी मिळेल त्या पहिल्या बसने आली. तिने घरात शिरल्या शिरल्या रस काढायचं यंत्र खिडकीतून खालच्या कचराकुंडीत टाकलं. नवीन होतं. पूडही टाकली, एक पाकीट सोडून, ते पिठाच्या डब्यामागे होतं.

८ एप्रिल

आज हिला यंत्रावर घेतलं तेव्हा मला आत बसू दिलं. काय यंत्र आहे! पंप आहे, नळ्या आहेत, दाबाचं घड्याळ आहे आणि मधोमध गाळणी. रक्त बाहेर येतं, गाळून परत आत जातं. मी एकेक जोड डोळ्यांनी तपासला. कुठेही गळती नाही.

डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "मग मी काय वेगळं म्हणत होतो? शेवटी धुवावंच लागलं ना?"

त्या म्हणाल्या, "काका, मुठीएवढ्या दोन वस्तू जे काम रात्रंदिवस, आवाज न करता करत होत्या, त्यातलं थोडंसं हे कपाटाएवढं यंत्र करतं. तेही ह्यांना असं सुया टोचून, अर्धा दिवस बांधून ठेवून. आठवड्यातून तीनदा. कायमचं."

मुलगी पलीकडे बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, त्यांच्याशी बोलू नका. त्यांना ऐकू येतं, पण आत जात नाही."

माझ्याच पोटची पोर! हिने डोळे न उघडता तिला दटावलं, "बापाशी नीट बोल." माझी बाजू घेणारी हीच काय ती उरलीये.

१७ एप्रिल

यंत्र हिला मानवत नाही. दर खेपेला रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात, ओठ पांढरे पडतात. हातातली नस एकदा बंद पडून दुसरीकडे छेद द्यावा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जवळच्या नात्यातलं कुणी किडनी देऊ शकलं तर उत्तम, यंत्रावर ह्या फार काळ तग धरतील असं दिसत नाही.

मी हात वर केला. माझं वय आणि रक्तदाब बघून नाही म्हणाले. मुलीची साखर बघून तिलाही नाही म्हणाले. ती दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. मी पाठीवर हात ठेवला तर उठून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसली.

मेहुणीला कळलं तेव्हा तिने फोनवर विचारसुद्धा केला नाही. "भाऊजी, दोन आहेत ना मला? मग एक ताईची. लहानपणी तिने मला स्वतःच्या ताटातलं काय काय दिलंय, मी साधी एक किडनी देऊ नको?"

६ मे

जुळलं! रक्त जुळलं, सगळं जुळलं. मेहुणीच्या किडन्या विशीतल्या पोरीसारख्या आहेत म्हणाल्या डॉक्टरीणबाई. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया. हिच्या तोंडावर इतक्या दिवसांनी रंग आला. मला म्हणाली, "बरी झाले की आधी तुम्हाला पालकाची भाजी करून घालणार. रोज. महिनाभर."

किती हसलो आम्ही.

१४ मे

मेहुणी आमच्याकडे राहायला आली. मुलगी दवाखान्यात हिच्याजवळ असते, इथे मी आणि मेहुणी. घरात माणसाचा आवाज आला, बरं वाटतं.

तिला इकडच्या तिकडच्या गोष्टी विचारल्या तेव्हा कळलं, हिचं एकदम कशाने बिघडलं ते तिला कुणी सांगितलेलंच नाही. तिला वाटतंय, आजारच वाढला. मी तरी कशाला विषय काढू? ज्याबद्दल मतभेद आहेत ते पाहुण्यापुढे बोलू नये.

१६ मे

पुन्हा धंद्याचं सांगतो. नवा पाइप दुकानातून कितीही चकाचक आलेला असो, जोडण्याआधी तो धुऊन घ्यायचा. आत भुसा असतो, तेल असतं, कधी मेलेलं झुरळ असतं. न धुता जोडला तर सगळी घाण घरच्या लाइनीत जाते आणि चांगला नळ कायमचा ठिबकतो.

आता माणसाची किडनी म्हणजे पाइप नव्हे, एवढं मलाही कळतं. हिच्या बाबतीत माझं चुकलंच असेल, तर ते इतकंच की मी उशिरा धुतलं. जुन्या, झिजलेल्या लाइनीला सळई सोसली नाही. मेहुणीची तर कोरी करकरीत आहे. तिला त्रास व्हायचं कारणच नाही.

पिठाच्या डब्यामागचं पाकीट काढलं. पालक पाट्यावर वाटून रस फडक्यातून गाळला.

मेहुणीने पेला नाकाशी नेला. "हे काय भाऊजी? डॉक्टर म्हणाल्यात, विचारल्याशिवाय कुठलंही औषध घ्यायचं नाही."

"अगं, पालक म्हणजे औषध आहे का? घरची भाजी. ताईला जे द्यायचं ते स्वच्छ करून द्यावं, एवढंच."

"मग एक कशाला, दोन पेले द्या. ताईसाठी करायचं तर नीट करू." घटाघट प्यायली. ओठांवर हिरवी मिशी उमटली तिच्या. दोन्ही वेळ जेवण सोडून नुसत्या रसावर राहते म्हणाली. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत.

२५ मे

मेहुणीला मळमळतं, कंबर दुखते. मी तिला काळ्या पाण्याचं समजावून सांगितलं. तिला पटलं. हिला भेटायला गेली तेव्हा ओठांना रंग लावून गेली, आजारी दिसू नये म्हणून. मला म्हणाली, "ताईला सांगू नका हं, ती उगाच माघार घेईल."

मी मोडता घालणारा माणूस नव्हे. नाही सांगितलं.

४ जून

शस्त्रक्रिया रद्द.

शेवटची तपासणी म्हणून मेहुणीचं रक्त घेतलं तर आकडा भलताच वर. पुन्हा घेतलं, तोच. डॉक्टरीणबाईंनी तिला सरळ विचारलं, तिनेही सरळ सांगितलं, "भाऊजी रोज पालकाचा रस देतात. किती प्रेमाने करतात!"

मला बोलावलं. ह्या वेळी त्या उभ्याच होत्या. म्हणाल्या, पालकातलं आम्ल उपाशीपोटी, एवढ्या प्रमाणात गेलं की किडनीत त्याचे बारीक स्फटिक बसतात, काचेच्या चुऱ्यासारखे. त्या पुडीत आणखी काय होतं देव जाणे. तिच्या किडन्यांमध्ये महिन्यापूर्वी एक डाग नव्हता.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "कशाने धुवायचं?"

त्यांनी मेज घट्ट धरलं. "काही करायचं नाही. ऐका, काका. काहीही नाही. रस बंद, पूड बंद, घरचं साधं जेवण आणि पाणी. सोडून द्या तिला. बहुतेक काही महिन्यांत स्वतःहून सुधारेल. तोवर काकू यंत्रावर टिकल्या तर आपण परत बघू. ही एकच वाट उरलीये. कृपा करून तिला हात लावू नका."

मुलगी दारात होती. मला वाटलं ओरडेल. ती हळूच म्हणाली, "बाबा, आई म्हणाली म्हणून मी मावशीला काही सांगितलं नव्हतं." आणि मावशीचा हात धरून तिला घेऊन गेली.

५ जून

हिच्याजवळ जाऊन बसलो. यंत्र चालू होतं.

"धाकटीला रस दिलात?"

"दिला की. रोज. माझ्या हाताने."

हिने नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "मीच पोरीला बजावलं होतं, मावशीला कळू देऊ नकोस. भाऊजी म्हणून तिला तुमचा मान आहे. तुमची मान खाली जायला नको, म्हणून."

"मग?"

"मग काही नाही."

पंप फिरत होता. मी हिच्या पांघरुणाची घडी नीट केली. ही म्हणाली, "तुम्ही थोडे वाईट असता तर बरं झालं असतं हो. मी वेळेत ओरडले असते." मग नर्सला हाक मारून आपली खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.

डॉक्टर म्हणतात, रक्तात घाण साठली की माणूस चिडचिडं होतं. तेच असणार.

१२ जून

मेहुणी आपल्या घरी परत गेली. निघताना पायऱ्या एकेक करून, कठड्याला धरून उतरली. मुलीने मावशीच्या फोनमधून माझा नंबर काढून टाकलाय. ही माझ्याशी बोलत नाही. मी आलो की डोळे मिटते.

एक विचार येतो. तो आला की मी उठून काहीतरी निवडायला, घासायला, पुसायला बसतो. आज न्हाणीघराची मोरी तीनदा घासली. विचार असा की, त्या टबात पाय नसताना पाणी

उद्या लिहीन.

२० जून

हिची दुसरी नसही बंद पडली. आता गळ्यातून नळी घातलीये. सगळे म्हणतात, मेहुणीची किडनी सुधारेपर्यंत ही टिकली तरच.

आणि मेहुणीला म्हणे नुसतं सोडून द्यायचं! काहीही न करता! मी जन्मात कुठलीही लाइन नुसती सोडून दिलेली नाही. केंद्रवाल्याला विचारलं. तो म्हणाला, काका, अर्ध्यात थांबवलंत म्हणून तर चुरा आत राहिला, दुसऱ्या टप्प्याची पूड द्या, जोरदार आहे, सगळं बाहेर काढेल. माझ्या मनातलंच बोलला.

पुडकं बांधून तयार आहे. सोबत द्यायची चिठ्ठी आधी इथे लिहून बघतो, उद्या उतरवून टपालात टाकेन.

प्रिय धाकटे,

तुझी कंबर कशी आहे? मळमळ थांबली का? पायांवर सूज नाही ना? इथे मुलगी बरी आहे, शिंपी बरा आहे, मी बरा आहे. तुझी ताई रोज तुझी आठवण काढत असणार, मला बोलून दाखवत नाही इतकंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं तुझ्यावर अवलंबून आहे. सोबत पूड पाठवतोय. ही सकाळी उपाशीपोटी घे, पालक आता दुप्पट घाल, आणि त्रास झाला तर घाबरून थांबू नकोस, मागच्या वेळी आपण तिथेच चुकलो. मुलीला सांगू नकोस, ती लहान आहे. ताईसाठी एवढं कर. हिच्याकडे फार दिवस नाहीत, म्हणून हात जोडून सांगतो, पुडकं मिळालं की त्याच दिवशी सुरू कर आणि लगेच दोन ओळी लिहून पाठव.

तुझा,
भाऊजी